खोक्यातले जहाज आणि मुंबईच्या गोदीतले जहाज

१/२२
१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून एक सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीच्या माळावर पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या. आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. यांतील शेवटच्या दोन तारखा इतिहासवेड्या मराठी मुलाला झोपेतही सांगता येतात. पहिली मात्र सहसा कोणाच्या कानावरून गेलेली नसते. खडकीच्या रणात त्या दिवशी उभे असलेले सारे काही काळाच्या पोटात गेले. ती नौका मात्र आजही पाण्यावर तरंगते आहे. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. आजचा धागा तिच्याविषयी. पण तिच्यापर्यंत आपण जाणार आहोत ते एका पुठ्ठ्याच्या खोक्याच्या वाटेने.

२/२२
गेल्या पावसाळ्यात मी शिडाच्या फ्रिगेटच्या प्रतिकृतीचे एक लाकडी किट घेतले. फ्रिगेट म्हणजे तोफांचा एकच सलग मजला असलेली, वेगवान, तीन डोलकाठ्यांची युद्धनौका. खोके उघडल्यावर जहाजासारखे काहीही दिसत नाही. प्लायवूडचे कापलेले तुकडे, लिंबाच्या जातीच्या नव्हे तर युरोपातील ‘लाइम’ नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांची जुडी, अक्रोडाच्या त्याहून पातळ पट्ट्या, काळ्या आणि फिक्या दोऱ्याची रिळे, पितळी तोफा आणि घडी घातलेले मोठमोठे आराखडे. जहाज खोक्यात नसतेच. खोक्यात असते ती जहाजाची शक्यता. हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे त्याचा खरा अर्थ लागणार आहे.

३/२२
आधी प्रमाणाचा हिशेब समजून घेऊ. त्रिंकोमालीच्या तोफांच्या मजल्याची लांबी साधारण १५० फूट. १:४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच धरून, तिची प्रतिकृती केली तर तोच मजला सव्वातीन फुटांच्या जरा आत भरतो. १:९६ या प्रमाणात तो पावणेपाच दशांश मीटर, म्हणजे सुमारे ४७ सेंटिमीटर होतो. या दुसऱ्या प्रमाणात साडेपाच फुटी खलाशी पावणेदोन सेंटिमीटरचा. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा माणूस त्या डोलकाठीजवळ उभा करून पाहावा. मग अशा जहाजावर तीनशेच्या आसपास माणसे महिनोन्‌महिने कशी राहत असतील, हा प्रश्न पुस्तकातून नव्हे, डोळ्यांतून पडतो.

४/२२
बांधणीचा क्रम असा. प्रथम जहाजाचा कणा. कोकणातले होडी बांधणारे सुतार याला ‘पठाण’ म्हणतात. त्या कण्यातील खाचांमध्ये आडव्या छेदाचे प्लायवूडचे तुकडे एकामागून एक बसवायचे. त्या झाल्या फासळ्या. मग फासळ्यांच्या कडा कानशीने तिरक्या घासायच्या, कारण फळी वळत जाते आणि तिला टेकायला प्रत्येक फासळीची कड वेगळ्या कोनात हवी असते. मग पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, ऊब देऊन वाकवायच्या आणि फासळ्यांवर चढवायच्या. जहाजाचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, जिथे निमुळता होतो तिथे प्रत्येक पट्टी तासून अरुंद करावी लागते. पोटाशी घेर मोठा, नाळेशी लहान. पट्ट्यांची संख्या मात्र तीच. भूमितीचे हे कोडे लाकडात सोडवायचे असते.

५/२२
येथे माझी फजिती सांगतो. उत्साहाच्या भरात मी उजवी बाजू पूर्ण मढवली आणि मग डावी हाती घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो कणा उन्हात पडलेल्या केळीच्या पानासारखा पिळलेला. भिजलेले लाकूड वाळताना आकसते आणि ओढते. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असली तरच कणा सरळ राहतो. म्हणून एक पट्टी उजवीकडे, तर लगेच तिची जोडीदार डावीकडे. सूचनापत्रात ते स्पष्ट लिहिले होते. मी वाचलेही होते. पण वाचलेले आणि कळलेले यांत जे अंतर असते ते त्या पिळलेल्या कण्याएवढे होते. सगळ्या पट्ट्या सोडवून पुन्हा सुरुवात करावी लागली. कारागिरीत क्रम हेच ज्ञान असते, आणि ते ज्ञान कागदावर फार थोडे उतरते.

६/२२
जहाजांच्या प्रतिकृती हा काही आजचा छंद नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या नौदलासाठी अत्यंत बारकाईच्या लाकडी प्रतिकृती होऊ लागल्या. नौदलाच्या कारभार मंडळावरून त्यांना ‘नेव्ही बोर्ड’ प्रतिकृती म्हणतात. बहुतेक १:४८ प्रमाणातल्या, आणि अनेकींच्या पोटाच्या खालच्या भागाला मुद्दाम फळ्या मारलेल्याच नाहीत, आतल्या फासळ्या दिसाव्यात म्हणून. रोजनिशीकार म्हणून जग ज्याला ओळखते तो सॅम्युअल पेपिस नौदलाचा मोठा अधिकारी होता आणि अशा प्रतिकृतींचा शौकीनही. आज त्यांचे मोठे संग्रह ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेत ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत आहेत. आराखडा वाचता न येणाऱ्या दरबारी माणसालाही प्रतिकृती एका दृष्टिक्षेपात समजते, हे त्यांचे एक बळ.

७/२२
दुसरी परंपरा याच्या अगदी उलट टोकाची. १७९३ ते १८१५ या काळातील युद्धांत हजारो फ्रेंच कैदी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे अडकून पडले. केवळ युद्धकैद्यांसाठी म्हणून उभारलेली पहिली छावणी १७९७ मध्ये नॉर्मन क्रॉस येथे सुरू झाली. त्या कैद्यांत खलाशी होते, सुतार होते, हस्तिदंतावर काम केलेले कारागीर होते. जेवणातून उरलेली हाडे उकळून, स्वच्छ करून, त्यांच्या पातळ पट्ट्या काढून त्यांनी जहाजे बनवली आणि छावणीच्या फाटकाशी भरणाऱ्या बाजारात विकली. त्यांतील अनेकांच्या डोलकाठ्या प्रमाणापेक्षा उंच आहेत. कारण समोर आराखडा नव्हता. होती ती स्मृती. आणि स्मृतीत आपले जहाज नेहमीच थोडे उंच असते.

८/२२
आराखडा म्हणजे नेमके काय? शिडाच्या जहाजाचे चित्र तीन बाजूंनी काढलेले असते: बाजूने, वरून आणि समोरून. समोरून काढलेल्या चित्रात एक गंमत असते. मधल्या रेषेच्या एका अंगाला नाळेकडचे छेद आणि दुसऱ्या अंगाला पिछाडीचे छेद, म्हणजे एकाच चित्रात अर्धे पुढचे जहाज आणि अर्धे मागचे. ब्रिटिश नौदलाचे असे आराखडे १:४८ प्रमाणात काढत. गोदीतल्या एका विस्तीर्ण लाकडी जमिनीवर ते खडूने आणि कोरून पूर्ण आकारात उतरवायचे, त्यावरून प्रत्येक फासळीचे पातळ फळीचे साचे कापायचे, आणि साच्याबरहुकूम मूळ लाकूड तासायचे. आज हे काम किट बनवणाऱ्याचे लेझर यंत्र आपल्यासाठी आधीच करून ठेवते.

९/२२
आता पहिल्या खोक्यातल्या त्या वाक्याकडे परत जाऊ. त्रिंकोमाली ही मुंबईला ‘खोक्यातून’च आली होती. म्हणजे असे : १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिची रचना झाक-नोएल सानेची. फ्रान्सच्या श्रेष्ठ नौकारचनाकारांत त्याची गणना होते. इंग्रजांनी तिची मापे घेतली, आराखडा केला, आणि त्यावरून ‘लीडा’ वर्गाच्या फ्रिगेटी बांधायला काढल्या. १ जून १८१३ रोजी अमेरिकेच्या ‘चेसापीक’ला जेरबंद करणारी ‘शॅनन’ याच वर्गातली. म्हणजे शत्रूच्या जहाजावरून काढलेला नकाशा हाच या साऱ्या भगिनींचा मूळ साचा. आणि त्याच साच्याची एक प्रत १८१२ मध्ये मुंबईकडे रवाना झाली.

१०/२२
मुंबईच का? कारण इंग्लंडात ओक उरत नव्हता. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या एका जहाजाला सुमारे ६,००० झाडे लागली, असा अंदाज दिला जातो. त्यांतली बहुसंख्य ओकची. जहाजाजोगा ओक वाढायला शतकभर लागते, आणि नेपोलियनशी चाललेले युद्ध काही शतकभर थांबणार नव्हते. शिवाय वाकड्या जागी वाकडेच लाकूड हवे असते. सरळ तुळई कापून वळण काढले तर रेषा तुटतात आणि लाकूड दुबळे होते; म्हणून वळणदार फांद्यांची झाडे हेरून ठेवावी लागत. माझ्या किटमधल्या प्लायवूडच्या फासळीला ही अडचण ठाऊकच नाही. यंत्राने कापलेले वळण फुकटात मिळते आणि त्यामागचे जंगल दिसेनासे होते.

११/२२
मलबार किनाऱ्यावरच्या सागवानाने या प्रश्नाला उत्तर दिले. सागात नैसर्गिक तेल असते. ते कुजणे थोपवते आणि लाकडात ठोकलेल्या लोखंडाला गंजू देत नाही. ओकमधल्या आम्लाने हेच लोखंड झिजते. पाण्याखाली मात्र लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांचे भय असतेच. त्यासाठी पोटाला तांब्याचे पत्रे. ब्रिटिश नौदलाने हा प्रयोग १७६१ मध्ये ‘अलार्म’ या फ्रिगेटवर केला आणि १७८० च्या दशकापर्यंत तो सर्रास झाला. किटमध्ये हे पत्रे नखाएवढे असतात आणि ते शेकड्यांनी चिकटवावे लागतात. कंटाळा येतो. पण तो कंटाळा आला की एखाद्या फ्रिगेटखाली आडवे पडून खरे पत्रे ठोकणाऱ्या माणसाची आठवण ठेवावी.

१२/२२
लाकूड असून भागत नाही, हात लागतात. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीचे काम त्यांनी हाती घेतले आणि पुढे दीड शतकाच्या आसपास त्यांच्या वंशजांनी तेथे जहाजे बांधली. ‘वाडिया’ हे आडनावच मुळी जहाज बांधणाऱ्याचे. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी झाली, आणि १८१० पर्यंत डंकन गोदी. त्याच १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’ ही सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. तिचे बांधकाम करणारे लवजींचे नातू जमशेटजी बमनजी वाडिया. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’ही त्यांचीच, २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनला हाँगकाँग सोडायला लावणारा नानकिंगचा तह तिच्यावरच झाला. ‘त्रिंकोमाली’ची ऑर्डर याच जमशेटजींच्या गोदीकडे आली.

१३/२२
आणि येथेच खोके हरवले. ३० ऑक्टोबर १८१२ ची ऑर्डर. नोव्हेंबरमध्ये ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट पोर्टस्मथहून हिंदुस्थानकडे निघाली. तिच्यावर मुंबईचे नियोजित लष्करी अधिकारी होते, गोदीसाठी तांब्याचे पत्रे होते, आणि नव्या फ्रिगेटचे आराखडे होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर तिची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. ‘जावा’च्या डोलकाठ्या कोसळल्या, तिचा कप्तान जबर जखमी होऊन पुढे मरण पावला, आणि जहाज नेण्याजोगे उरले नाही म्हणून अमेरिकनांनी ते जाळून टाकले. मुंबईला जाणारे कागद मुंबईला पोचलेच नाहीत. दुसरी प्रत पाठवावी लागली.

१४/२२
‘जावा’ स्वतः मूळची फ्रेंच; १८११ मध्ये इंग्रजांनी पकडलेली. आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जाळण्यापूर्वी तिचे सुकाणूचे चाक काढून आपल्यावर बसवले, कारण लढाईत तिचे स्वतःचे चाक उडाले होते. म्हणजे फ्रेंच जहाजाचे चाक, इंग्रजांच्या ताब्यातून अमेरिकेच्या हाती! बोस्टनमध्ये १७९७ साली बांधलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ आजही तरंगते आहे, आणि तिची किट जगभर विकली जातात. ज्या जहाजाने मुंबईचे आराखडे समुद्रात अडवले ते, आणि त्याच आराखड्यांच्या दुसऱ्या प्रतीवरून मुंबईत उभे राहिले ते, अशी दोन्ही जहाजे दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर आहेत. इतिहासात असे योग लेखकाने जुळवले तर वाचक त्याला हसतील.

१५/२२
१८१६ मध्ये कणा घातला गेला. पारशी प्रथेप्रमाणे जहाजात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी होत असे, तो या जहाजाच्या वेळीही झाला. दीड वर्षाच्या आसपास मलबारी सागाच्या फासळ्या, तुळया, फळ्या चढत गेल्या आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ती तरंगली. खर्च सुमारे २३,००० पौंड. नाव ठेवले त्रिंकोमाली, १७८२ मध्ये लंकेच्या त्या बंदराबाहेर झालेल्या इंग्रज-फ्रेंच आरमारी लढाईवरून. आता या एका जहाजाची वंशावळ मांडून पाहा : रचना फ्रेंच, आराखडा इंग्रजी, लाकूड मलबारी, बांधणारा सुरतेच्या पारशी घराण्यातला, जागा मुंबई, नाव लंकेचे.

१६/२२
आणि ज्यांनी प्रत्यक्ष लाकूड तासले ते? जमशेटजींचे नाव इतिहासाने राखले. त्यांच्या हाताखालचे सुतार, लोहार, करवतकरी, फळ्यांच्या फटींत काथ्या-डांबर भरणारे कलाफतवाले यांची नावे आपल्यासमोर नाहीत. मराठीत ‘नाव’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. त्यांची एक नाव उरली, दुसरे गेले. तरीही त्यांचा पुरावा पूर्ण पुसला गेलेला नाही. फळीला फळी जिथे भिडते त्या सांध्यात तो आहे. मी स्वतः दोन मिलिमीटरच्या पट्टीचा सांधा तीनदा चुकल्यावर, हातभर जाडीच्या सागाचा सांधा पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही म्हणजे काय, ते मला थोडेसे कळले. अशा ठिकाणी प्रतिकृती पुस्तकाच्या पुढे जाते.

१७/२२
या जहाजाच्या नशिबात मात्र युद्ध नव्हते. ज्या नेपोलियनसाठी ते मागवले तो १८१५ मध्येच हरला होता. इंग्लंडला जाताना २४ जानेवारी १८१९ रोजी त्रिंकोमाली सेंट हेलेना बेटावर पोचली. तेच बेट, जिथे नेपोलियन कैदेत होता! सहा दिवसांनी निघताना तिच्यावर एक जादा प्रवासी होता : नेपोलियनला नुकतेच तपासून आलेले नौदलाचे डॉक्टर जॉन स्टोको. एप्रिलअखेर ती पोर्टस्मथला लागली. आणि मग? डोलकाठ्या उतरवून, राखीव म्हणून, ती १८४५ पर्यंत नुसती उभी राहिली. ज्या घाईसाठी मलबारचे साग तोडले, ती घाई संपली होती.

१८/२२
१८४५ मध्ये तोफा कमी पण अधिक भारी करून, पिछाडी बदलून तिला पुन्हा कामाला जुंपले. १८४७ नंतरची दहा वर्षे ती अटलांटिक आणि प्रशांत महासागरात फिरली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका सामुद्रधुनीला आजही ‘त्रिंकोमाली चॅनल’ म्हणतात, ते हिच्यावरून. मग ती प्रशिक्षणनौका झाली आणि १८९७ मध्ये भंगारात निघाली. त्याच वर्षी व्हीटली कॉब या गृहस्थांचे जुने जहाज ‘फूद्रोयाँ’ वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले होते. ते नेल्सनचे एके काळचे ध्वजजहाज. त्याच्या जागी त्यांनी त्रिंकोमाली घेतली आणि तिला त्याचेच नाव दिले. पुढे १९८६ पर्यंत मुले तिच्यावर समुद्राचे धडे घेत राहिली.

१९/२२
तिच्याबरोबर बराच काळ आणखी एक जहाज असे : ‘इम्प्लॅकेबल’. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंच बाजूने लढलेले हे जहाज. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची डागडुजी कोणालाच परवडेना, आणि २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे फडकावून त्याला स्फोटाने बुडवण्यात आले. त्याची पिछाडी आणि नाळेवरची मूर्ती तेवढी ग्रिनिचला जपली आहे. त्रिंकोमालीच्या वाट्याला हे आले नाही. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला नेली गेली, १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले, आणि २००१ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली. तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून आज तिची ओळख आहे. आणि ती मुंबईची आहे.

२०/२२
आता एक अवघड प्रश्न. त्रिंकोमालीचे लाकूड आहे, आराखडेही आहेत. उद्या तिची हुबेहूब प्रतिकृती करता येईल. मग आंग्र्यांच्या गुराबेची? कान्होजींच्या आणि तुळाजींच्या आरमारातील एकही जहाज आज उरलेले नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजींचे आरमार जळाले, आणि त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती, हे कटू सत्य आपण विसरू नये. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांच्या वर्णनातून एवढे समजते : गुराब दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात कमी बुडणारी, पुढे चोचीसारखी नाळ काढलेली; आणि गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे.

२१/२२
वर्णन आहे, माप नाही. शत्रूने लिहिलेल्या चार ओळींवरून फासळीचा छेद काढता येत नाही. आणि दोष केवळ जळण्याचाही नाही. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर अनेक ठिकाणी जहाज कागदावरून बांधतच नसत. कणा घालून प्रथम फळ्यांचे कवच उभे करायचे आणि फासळ्या नंतर आत बसवायच्या. म्हणजे माझ्या किटच्या क्रमाच्या नेमके उलट! तेथे आकार ठरवतो तो मुख्य सुताराचा डोळा आणि हात. ही पद्धत मागासलेली नव्हती. तिने शतकानुशतके समुद्र ओलांडले. पण तिचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात होते, आणि जिथे ती साखळी तुटली तिथे कागदाची दुसरी प्रत पाठवायला कोणी नव्हते. ‘जावा’ जळली तरी त्रिंकोमाली झाली. विजयदुर्गाखाली जळाले ते पुन्हा झाले नाही.

२२/२२
म्हणून मित्रांनो, संधी मिळाली तर एखादे लाकडी जहाज स्वतः बांधून पाहा. किट परवडत नसेल तर पुठ्ठ्याच्या फासळ्या आणि आइसक्रीमच्या काड्याही चालतील. पिळलेला कणा दोन्हींत सारखाच शिकवतो. आणि कोकणात गेलात, एखाद्या खाडीकाठी लाकडी होडी बांधताना दिसली, तर नुसते छायाचित्र काढून निघू नका. सुतारकाकांची परवानगी घेऊन मापे टिपा, प्रत्येक भागाला ते काय म्हणतात ते लिहून घ्या, कशानंतर काय बसवतात तो क्रम विचारा, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहा. माझ्या टेबलावरच्या फ्रिगेटला अजून डोलकाठ्या बसायच्या आहेत. ती पुरी होईल तेव्हा तिचे काम संपेल. त्या वहीचे काम मात्र तेव्हा सुरू होईल, जेव्हा कोणीतरी तिच्यावरून पुन्हा एक होडी बांधू शकेल.